पाण्यावरचा खोडवा

छत्तीसगढच्या बाजारात टोमॅटोला 'पताल' म्हणतात, आणि पतालाची चटणी हे तेथल्या घरोघरचे तोंडीलावणे होय. नागपूर-वऱ्हाडाकडून तिकडे गेलेल्या मंडळींच्या तोंडी याच फळाचे नाव 'भेदरे' असे आहे, तर मराठीतील जुन्या पाकशास्त्रांतून ते 'बेलवांगे' म्हणून भेटते. भिलाईच्या भाजीबाजारात ही नावे एकाच टोपलीपुढे ऐकू आली तर नवल वाटू नये. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात मोडत होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भाताच्या शेतांमध्ये सर्व प्रांतांच्या माणसांचे एक नवे नगर उभे राहिले. त्या नगराच्या सेक्टरांतून आज मराठी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी नांदत आहे.

असे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. गृहस्थ कोक भट्ट्यांच्या विभागातून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत, कूलरपासून चार हातांवर, वीस लिटरचे एक काळे झाकणबंद पिंप. झाकणाला भोक पाडून त्यात जाळीची कुंडी बसविलेली. वर दिव्याची पट्टी, खाली हवेचे बुडबुडे सोडणारा मत्स्यालयाचा लहानसा पंप. या पिंपात माती नाही; आहे ते केवळ खारवलेले पाणी. ऑक्टोबरात लावलेल्या रोपाने डिसेंबरापासून मार्चपर्यंत फळे दिली. आता एप्रिल संपत आला आहे. खोड सुतळीसारखे लांबून वाकले आहे, खालची पाने गळाली आहेत, शेंड्याची पिवळी पडली आहेत, आणि फुले येतात ती देठासकट झडून फरशीवर पडतात.

"अहो, आता काढून टाका ना ते," घरातील बाई म्हणतात. "दहा रुपयांचं रोप. नवं आणा."

गृहस्थ पिंपाचे झाकण उचलून मुळे पाहतात आणि काहीच बोलत नाहीत.

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. दुर्ग जिल्ह्यात, विशेषतः धमध्याच्या परिसरात, उघड्या शेतांवर टोमॅटोचे पीक अमाप येते. हिवाळ्यात भाव इतके कोसळतात की तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि उभ्या पिकात गुरे सोडण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. अशा मुलखात घरात दिवा लावून टोमॅटो पिकविणे हे पहिल्या दृष्टीस वेडेपणाचे वाटेल. परंतु तोच टोमॅटो पावसाळ्याच्या तोंडाशी दिसेनासा होतो. जुलै २०२३ मध्ये देशातील कित्येक शहरांत त्याचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, काही ठिकाणी दोनशेलाही भिडला. तेव्हा एप्रिलमधील थकलेले झाड जगवावे की उपटावे, या प्रश्नाचे खरे उत्तर जुलै-ऑगस्टात मिळते. अर्थात एका पिंपातील फळांनी विजेचे बिल भागेल, असे कोणी समजू नये. तसा हिशेब मांडणाऱ्याने या वाटेला जाऊ नये हेच बरे.

टोमॅटो हे एका हंगामाचे पीक आहे, ही समजूत शेतकऱ्याच्या सोयीतून आलेली आहे. झाडाचा स्वभाव तसा नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात त्याचे मूळ. तेथून मेक्सिकोत, सोळाव्या शतकात युरोपात आणि पोर्तुगीजांच्या हातून बहुधा आपल्याकडे, असा त्याचा प्रवास सांगतात. थंडीने ज्याचा बळी जात नाही, असा टोमॅटोचा वेल वर्षानुवर्षे जगू शकतो. नेदरलँडच्या काचघरांत डिसेंबर-जानेवारीत लावलेले रोप पुढल्या नोव्हेंबरापर्यंत फळत राहते. दोरीवर चढविलेला वेल जसा वाढेल तसा खाली उतरवून आडवा निजवितात, शेंड्याकडचे काही हात तेवढे उभे ठेवतात; वर्षाअखेरीस खोडाची लांबी दहा मीटरांच्या वर गेलेली असते. जपानातील त्सुकुबा येथे १९८५ च्या प्रदर्शनात पाण्यावर वाढविलेल्या एकाच टोमॅटोच्या झाडाने दहा हजारांहून अधिक फळे दिली. अमेरिकेत फ्लॉरिडातील डिस्नेच्या उद्यानातील एका झाडाने तर २००५-०६ च्या एका वर्षात ३२,१९४ फळे देऊन विक्रम केला. तेही मातीविनाच वाढविलेले होते.

आपल्या शेतकऱ्याला ही कल्पना अपरिचित नाही. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या दुसऱ्या पिकाला तो खोडवा म्हणतो. वांग्याचे झाडही छाटले, खत-पाणी दिले की पुन्हा फुटते व पुन्हा फळते. टोमॅटो हा वांग्याचा सख्खा भाऊच. दोघांचे कूळ एक. मग टोमॅटोचा खोडवा का धरू नये? शेतात तो सहसा धरीत नाहीत, कारण मातीत रोगाचे बी साचलेले असते, आणि नवे रोप स्वस्त मिळते. घरातील पिंपात माती नसल्यामुळे यांपैकी पहिली अडचण बरीचशी दूर होते.

मात्र एक गोष्ट आधी पाहावी लागते. टोमॅटोच्या दोन जाती संभवतात. एकीच्या शेंड्याला ठराविक वाढीनंतर फुलांचा घोस येऊन वाढ तेथेच थांबते. ही झुडुपी जात. दुसरीचा शेंडा सतत पुढे धावत राहतो. ही वेली जात. झुडुपी झाडाने आपली फळे दिली की त्याचे काम बव्हंशी आटोपलेले असते. त्याच्याकडून दुसऱ्या बहराची आशा धरणे म्हणजे गव्हाच्या ताटाकडून दुसऱ्या ओंबीची अपेक्षा करण्यासारखे आहे. खटाटोप करायचा तो वेलीसाठी. बियाण्याच्या पुडीवर याचा उल्लेख असतो. पुडी फेकून दिली असेल, तर झाडाची उंचीच साक्ष देते.

पाण्यावरच्या शेतीचे शास्त्र एकोणिसाव्या शतकातील झाक्स आणि नॉप या जर्मन पंडितांपासून चालत आलेले आहे. परंतु तिला जगभर प्रसिद्धी मिळाली ती टोमॅटोमुळेच. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात डॉ. गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास टाक्यांत पंचवीस फूट उंचीचे टोमॅटोचे वेल वाढवून दाखविले आणि १९३७ मध्ये या पद्धतीला 'हायड्रोपॉनिक्स' हे ग्रीक नाव दिले. त्यांच्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नॉन या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये शांतपणे नोंदविले की, चांगली माती व सारखीच हवा-उजेडाची सोय असेल, तर पाण्यात मातीपेक्षा अधिक पीक येते असे नाही. प्रसिद्धीच्या गदारोळात हे दुसरे वाक्य फारसे कोणी ऐकले नाही. भारतात हे तंत्र प्रथम साधेपणाने रुजविण्याचे श्रेय डग्लस यांच्याकडे जाते. १९४६ पासून कालिम्पाँग येथे त्यांनी वाळू व खडी यांच्या स्वस्त वाफ्यांची 'बंगाल पद्धत' बसविली.

होगलंड-आर्नॉन यांच्या त्या वाक्याचा अर्थ भिलाईच्या पिंपापाशी नीट उलगडतो. माती अनेक कामे मुकाट्याने करीत असते, आणि ती नाहीशी झाली की तिची सर्व कामे माणसाच्या अंगावर येतात. थकलेले झाड पुष्कळदा म्हातारे झालेले नसते. त्या कामांपैकी एखादे राहून गेलेले असते.

शेंड्याचीच कोवळी पाने पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत, हे लक्षण लोहाच्या अभावाचे. खालची जुनी पाने शिरांमधून पिवळी झाली असतील, तर मॅग्नेशियम कमी पडले असे समजावे. आता लोहाचा अभाव आणि तोही भिलाईत! ज्या गावाच्या भट्ट्यांना दल्ली-राजहराच्या खाणींनी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून लोहखनिज पुरविले, त्या गावातील झाड लोहासाठी फिकट पडावे, ही गंमतच म्हटली पाहिजे. परंतु तिचे कारणही त्याच भूमीत आहे. भिलाईच्या उत्तरेस नंदिनी येथे चुनखडीची खाण आहे. झोतभट्टीला लागणारा चुनखडीचा दगड तेथून येतो. त्या चुनखडीच्या थरांतून वर येणारे विंधनविहिरीचे पाणी जड असते. असे पाणी पिंपात वरचेवर भरले की द्रावणाचा पीएच मान चढत जातो. टोमॅटोला ५.५ ते ६.५ हा मान मानवतो. तो साडेसातावर गेला की पाण्यातील लोह तळाशी बसते आणि मुळांच्या उपयोगी पडत नाही. अशा वेळी अधिक लोह ओतण्यात अर्थ नाही. पाण्यात फॉस्फोरिक आम्लाचे मोजके थेंब सोडून मान खाली आणावा आणि लोह द्यावयाचे ते चिलेट रूपातील द्यावे. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये. शक्य असेल तेथे पावसाचे किंवा गाळणयंत्राचे पाणी वापरावे.

दुसरी गोष्ट नत्राची. कोक भट्ट्यांच्या वायूतील अमोनिया गंधकाम्लात शोषून अमोनियम सल्फेट तयार करतात. पोलादाच्या कारखान्याचे हे जोडउत्पादन, आणि त्यात सुमारे २१ टक्के नत्र असते. ज्याने उभा जन्म या खताचे पांढरे कण पाहिले, त्याला आपल्या पिंपात त्याची चिमूट टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. शेतात ते उत्तम काम देते; कारण मातीतील सूक्ष्म जंतू अमोनियमचे नायट्रेट करतात आणि मगच झाड त्यातील बरेचसे नत्र उचलते. पिंपात ते जंतू पुरेसे नसतात. अमोनियम तसेच राहते, मुळांना पोळते, चुन्याचे शोषण रोखते, आणि फळांची बुडे काळी पडून सडू लागतात. पाण्यावरच्या टोमॅटोला बहुतांश नत्र कॅल्शियम नायट्रेट व पोटॅशियम नायट्रेट यांतूनच दिले पाहिजे. त्यातही कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण सल्फेट वा फॉस्फेटच्या दाट द्रावणात कधीही मिसळू नये. क्षणात पांढरा साका बसतो आणि खत फुकट जाते. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या ठेवतात आणि पिंपातील भरपूर पाण्यातच त्यांची गाठ घालून देतात.

तिसरा दोष सर्वांत सामान्य. पाणी उडते व क्षार मागे राहतात. गृहस्थ रोज पाण्याची पातळी भरून काढण्यासाठी पुन्हा खतपाणीच ओततात, आणि दोन महिन्यांत पिंपाचे लोणचे होते. उन्हाळ्यात भर घालावयाची ती साध्या पाण्याची, आणि दर पंधरवड्यास सगळे द्रावण बदलावे. जुने पाणी टाकून न देता आवारातील झाडांना घालावे.

परंतु पाने व क्षार यांच्याही आधी पाहावयाची ती मुळे, आणि त्या निवृत्त गृहस्थांनी पिंपाचे झाकण प्रथम उचलले ते बरोबरच होते. मुळे पांढरी वा साईच्या रंगाची व टणक असतील, तर झाडात जीव आहे. ती तपकिरी, बुळबुळीत असून त्यांना कुजका वास येत असेल, तर ती गुदमरली आहेत. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पस्तीस अंशांवर तो सातच्या आसपास उतरतो, आणि नेमकी तेव्हाच मुळांची प्राणवायूची भूक वाढलेली असते. मे महिन्यात भिलाईचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. खोलीत कूलर असला तरी पिंपाचे पाणी तीस अंशांच्या वर जाते, आणि मूळकुज घडविणाऱ्या बुरशीसदृश जीवांचे फावते. यावर उपाय आपल्या माठाचाच आहे. पिंपाभोवती ओले गोणपाट गुंडाळून ते कूलरच्या वाऱ्यात ठेवले की पाणी काही अंशांनी थंड राहते. हवेचा पंप दिवसरात्र चालू असावा. वीज वारंवार जात असेल तर पिंप काठोकाठ न भरता वरची मुळे हवेत राहू द्यावीत.

काही झाडांच्या वाट्याला मात्र हा खटाटोप येऊ नये, आणि ते ओळखण्याइतके मन कठोर केले पाहिजे. पाने वर वळून, आकसून द्रोणासारखी झाली असतील, झाड खुजे पडले असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणुरोग, शेतकऱ्यांचा बोकड्या. त्याला छाटणी नाही, खत नाही, औषध नाही. पाने हिरवी असतानाच झाड एकाएकी माना टाकू लागले, तर जंतूंच्या मर रोगाची शंका घ्यावी. खोडाचा बुंध्याकडील तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली की निर्णय झाला. असे झाड पिंपासह बाहेर न्यावे, झाड जाळावे आणि पिंप विरंजक द्रावणाने धुऊन उन्हात वाळवावे. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये या दोन्ही रोगांना आणि करप्याला तोंड देणारा 'अर्का रक्षक' हा संकर दिला आहे; पुढच्या खेपेस असे एखादे बी निवडणे यात पराभव नाही.

मुळे पांढरी असून रोग नसला, तर मग कोयता उचलावा. खरे तर निर्जंतुक केलेली कात्रीच. बुंध्यापासून वीतभर उंचीपर्यंत पानाच्या बेचक्यात कोठे तरी बगलफूट डोकावते आहे का, हे प्रथम पाहावे. एरवी बगलफूट खुडून टाकण्याची वस्तू. आज तीच वारस ठरते. ती तीन-चार पानांची असेल, तर तिच्या वर दोन बोटे राखून जुने खोड कापावे. ती नसेल, तर घाई न करता आधी शेंडा खुडावा, आठ-दहा दिवस थांबावे, खालून फूट आल्यावरच छाटावे. एकही पान नसलेला बुंधा मुळांना अन्न पुरवू शकत नाही, आणि उपाशी मुळे पिंपात कुजतात. उत्साही माणसाच्या हातून झाड मरते ते बहुधा येथेच. छाटणीच्या दिवशी मेलेली मुळे कापून उरलेली साध्या पाण्यात धुवावी आणि नवे द्रावण निम्म्या ताकदीचे भरावे. पाने कमी झाल्यामुळे झाडाची तहानही उतरलेली असते. दोन आठवड्यांनी नव्या पानांचा रंग पाहून ताकद वाढवावी. मेअखेरपर्यंत येणारी फुले खुडून टाकावी. दिवसाचे तापमान पस्तिसाच्या पलीकडे आणि रात्रीचे पंचविसाच्या वर असताना पराग निकामी होतो व फळ धरत नाही. उगाच झाडाचा जीव खर्ची पडतो.

दिव्याविषयी एक चूक विशेष आढळते. झाड अशक्त झाले म्हणून काही जण दिवा अहोरात्र चालू ठेवतात. झोतभट्टी तिन्ही पाळ्यांत पेटती ठेवावी लागते. टोमॅटोला मात्र रात्रपाळी सोसत नाही. अखंड उजेडात त्याची पाने डागाळून पिवळी पडतात, हे शंभर वर्षांपासून शास्त्रज्ञांना माहीत आहे. नेदरलँडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या दोषाचा संबंध एका विशिष्ट जनुकाशी जोडून दाखविला. चौदा ते सोळा तास उजेड आणि उरलेला वेळ काळोख, एवढे पथ्य पुरे. आणि फुले येऊनही फळ धरत नसेल, तर दोष झाडाचा नसून वाऱ्याचा असू शकतो. शेतात वारा व मधमाश्या फूल हलवितात; बंद खोलीत ते कोणी हलवीत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसामागे बोटाने हलकेच टिचकी मारावी. युरोपातील काचघरांत हे काम पूर्वी माणसे करीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे गुंजारव करणाऱ्या जाड भुंग्यांच्या पेट्या आणून ठेवू लागले.

एवढे सारे करूनही जुना बुंधा फुटेलच, अशी हमी नाही. म्हणून जाणता माणूस छाटणीच्याच दिवशी दुसरा मार्गही मोकळा ठेवतो. झाडाच्या वरच्या भागातील एखादी निरोगी बगलफूट बोटभर नव्हे, चांगली वीतभर लांबीची काढून घ्यावी, खालची पाने व कळ्या खुडाव्यात, आणि ती साध्या पाण्याच्या पेल्यात, दिव्यापासून दूर, सावलीत ठेवावी. टोमॅटोच्या खोडावर कोठेही मूळ फुटू शकते. ओलावा मिळण्याचाच काय तो अवकाश. ही फांदी वयाने आईएवढीच प्रौढ असल्यामुळे बियाच्या रोपापेक्षा लवकर फुलते, आणि तिची मुळे मात्र कोरी करकरीत असतात. जूनच्या अखेरीस पहिल्या पावसाने खोली निवली की ती पिंपात बसवावी.

त्या घरातील वाद असाच मिटण्याजोगा आहे. बाईंना पिंप रिकामे हवे असते, गृहस्थांना झाड हवे असते. बुंधा छाटून पिंपात राहतो आणि फांदी ओट्यावरच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी, काचेच्या पेल्यात जाते. भांडी घासताना बाईंचीच नजर तिच्याकडे अधिक वेळा जाते. सातव्या-आठव्या दिवशी देठावर खसखशीसारखे पांढरे ठिपके दिसतात. आणखी चार दिवसांत ते दोऱ्याएवढे लांबून पेल्याच्या तळाला टेकतात, आणि मग मोठा पेला शोधावा लागतो.